दुपार, माणगाव, १८८६

रंग वाळला. आकाश अजून अर्धंच भरलंय, आणि वरच्या निळ्या पट्टीची कड बसलीसुद्धा. ओला कुंचला फिरवून तुम्ही ती कड मोडायला जाता, तर कागदाचा तूस उठतो. एप्रिलची दुपार आहे, साल १८८६, आणि तुम्ही माणगावात काळ नदीच्या काठी एका आंब्याखाली बसला आहात. मांडीवर लाकडी पाटी, पाटीवर चिकटवलेला जाड विलायती कागद, शेजारी पत्र्याची रंगपेटी आणि पाण्याला नारळाची करवंटी.

जलरंगाची ही रीत ज्या देशात घडली तिथली हवा ओली. तिथं कागद बराच वेळ ओलसर राहतो, एक रंग दुसऱ्यात उतरतो, ढगांच्या कडा आपसूक मऊ होतात. इथं तुम्ही कुंचला करवंटीकडे नेऊन परत आणेपर्यंत आकाश खडखडीत. मुंबईच्या वर्गात मास्तरांनी ही अडचण सांगितली नव्हती. वर्गात ऊन नव्हतं.

तुम्हाला इथं येताना अंग उसनं मिळालं आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणारा एक मुलगा, उन्हाळ्याच्या सुटीत आत्याकडे आलेला, त्याचं. डोकं मात्र तुमचंच, पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या माहितीनं भरलेलं. बोटीनं धरमतर, तिथून नागोठणे, कोलाड करत बैलगाडी. कंबर अजून बोलते आहे. आज याच वाटेवर महामार्गाची कोंडी लागते आणि माणसं गाडीत बसून घाम पुसतात. तेव्हाही वेळ लागायचाच. हॉर्न नव्हते एवढंच.

जिल्ह्याचं नाव कुलाबा. रायगड हे नाव जिल्ह्याला मिळायला १९८१ साल उजाडावं लागेल.

शाळेत तुम्ही काय शिकलात? जमशेटजी जीजीभॉयांच्या लाखभर रुपयांच्या देणगीवर ती १८५७ साली सुरू झाली. सकाळभर प्लॅस्टरचे ग्रीक पुतळे बघून त्यांची नाकं, पोटऱ्या, वस्त्रांच्या चुण्या उतरवायच्या. तुमच्या आधीची मुलं शाळेतल्याच ग्रिफिथ्ससाहेबांबरोबर अजिंठ्याला जाऊन आली. १८७२ पासून तेरा वर्षं तिथल्या भिंतींवरची चित्रं कापडावर उतरवण्याचं काम चाललं होतं. कोल्हापूरचा अबालाल रहिमान याच दशकात त्या शाळेत शिकतो आहे. तो पुढं परत गावी जाऊन रंकाळा आणि कोटीतीर्थाचा काठ रंगवत आयुष्य काढणार आहे, हे तुम्हाला ठाऊक, त्याला अजून नाही.

निसर्गचित्र म्हणजे काय, हे मात्र तुम्ही पुतळ्यांवरून नाही, छापील चित्रांवरून शिकलात. ग्रिंडले नावाच्या कंपनी सरकारच्या एका लष्करी अधिकाऱ्यानं १८२६ पासून पश्चिम हिंदुस्थानच्या देखाव्यांचा संग्रह काढला होता. तसली चित्रं साहेबांच्या दिवाणखान्यांत आणि शाळेच्या कपाटांत असतात. त्यांची पाककृती ठरलेली. एका बाजूला पुढं आलेलं काळपट डेरेदार झाड, मधे पाणी, मागं निळसर होत जाणारे डोंगर, आणि खाली कोपऱ्यात काठीला टेकलेला एखादा माणूस, दोन-तीन गुरं. ही पाककृती मूळ रोममध्ये राहिलेल्या क्लोद लोरॅनची, सतराव्या शतकातली. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या गिल्पिन नावाच्या पाद्र्यानं तिचे नियमच लिहून काढले; झाड नको तिथं असेल तर चित्रकारानं ते खुशाल हलवावं, असं त्याचं मत. त्या चित्रांतल्या माणसाला काम नसतं. डोंगर केवढा मोठा हे कळावं म्हणून तो मापाला उभा केलेला असतो, कापडाच्या दुकानातल्या गजासारखा.

आता समोर बघा. नदी आटून दगडांवर आली आहे. उताराच्या जागी पाणी जेमतेम गुडघाभर, आणि त्यात एक रिकामी बैलगाडी उभी आहे. बैल पाणी पितात, गाडीवान चाकाकडे बघत कमरेवर हात ठेवून थांबलाय. घाई कसलीच नाही. तुमच्या अंगावर काटा येतो, कारण हे चित्र तुम्ही पाहिलंय. फोनवर, कॅलेंडरवर, बिस्किटाच्या डब्यावरसुद्धा.

जॉन कॉन्स्टेबलचं १८२१ सालचं ते चित्र. सफक परगण्यात स्टूर नदीच्या पाण्यात उभी गाडी, डावीकडे एक बैठं घर, वर ढग. आज जग त्याला गवताच्या गाडीचं चित्र म्हणून ओळखतं. कॉन्स्टेबलनं लंडनच्या प्रदर्शनात ते मांडलं तेव्हा नाव साधंच होतं, निसर्गदृश्य आणि त्यापुढं 'दुपार'. तिथं त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. तीन वर्षांनी पॅरिसला गेलं तर सुवर्णपदक मिळालं. चित्रातली गाडी पाण्यात का उभी आहे यावर जाणकार एक कारण सांगतात: उन्हाळ्यात लाकूड आकसतं, चाकाभोवतीची लोखंडी धाव सैल होते, म्हणून चाकं पाण्यात भिजवून फुगवायची.

तुम्ही उठून उतारावर जाता आणि गाडीवानाला विचारता, बाबा, गाडी पाण्यात का घातलीत? तो तुमच्या पायातल्या बुटांकडे बघतो आणि म्हणतो, "धाव वाजतीया. भिजू दे वाईच." मग हातातल्या दगडानं धावेवर ठोकतो. खळ्ळ असा पोकळ आवाज येतो. आरे जिथं बाहेरच्या लाकडात बसतात तिथं नखभर फट पडली आहे, आणि तिच्यातून बुडबुडे वर येताहेत. अशा बुडबुड्यांचं चित्र कुणी काढत नाही. पण सफकपासून माणगावपर्यंत गाडी पाण्यात थांबते ती यासाठी, देखाव्यासाठी नव्हे. कॉन्स्टेबलला हे कळत होतं. गिरणीवाल्याचा मुलगा होता तो.

त्यालाही सगळंच दाखवायचं नव्हतं म्हणा. ते चित्र टांगलं त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच ईस्ट अँग्लियात शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंज्या पेटवल्या. त्याच्या चित्रात गवत कापणारे मजूर आहेत, पण लांब कुरणात, पांढऱ्या ठिपक्यांएवढे. त्या अंतरावरून कुणाच्या पोटात काय आहे ते दिसत नाही.

तुम्ही जागेवर परत येता. आकाश बिघडलंच आहे, निदान झाड तरी नीट काढू. समोर बांधावर एक ऐन आहे. अडचण अशी की त्याला झाड म्हणावं असं काही शिल्लक नाही. उंच सोट, अंगाला जागोजागी गाठी आणि कापल्याच्या खुणा, शेंड्याला चवरीसारखा एक झुबका. त्याच्या मागचे चार ऐन आणि दोन किंजळही तसेच. जणू कुणी टेकडीवर केरसुण्या उलट्या रोवल्यात. हे कागदावर कसं उतरवायचं? कुठल्याच छापील चित्रात असं झाड नाही. मग तुमचा हात शिकल्याप्रमाणे चालतो. सोटाला फांद्या फुटतात, फांद्यांना पानं, पानांखाली दाट सावली. पंधरा मिनिटांत ऐन डेरेदार होतो. चित्र एकदम चित्रासारखं दिसायला लागतं.

गाडीवान बैलांना चारा टाकून तुमच्या मागं येऊन उभा राहिलाय. बराच वेळ बघतो.

"ह्यो ऐन कंचा?"

समोरचाच, तुम्ही म्हणता.

"समोरचा? त्याला येवडा पाला? शिमग्याच्या आदी मीच त्याची कवळं तोडली." मग जरा थांबून, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, "बैल बरा जमलाय."

तुमच्या चित्राची आयुष्यातली पहिली समीक्षा ती हीच, आणि खरं सांगायचं तर इतकी नेमकी पुढंही क्वचित होईल. त्याला चित्रकला कळत नव्हती असं म्हणायची सोय नाही. झाड ओळखून त्यानं त्यातलं खोटं दाखवलं.

तो तुम्हाला शेताकडे नेतो, कारण कवळ म्हणजे काय हे तुम्हाला माहीत नाही हे त्याला एव्हाना कळलंय. एका खाचराच्या वरच्या कोपऱ्यात तुकडा साफ करून ठेवलाय. त्यावर खाली शेणाचा थर. शेणावर ऐनाची वाळलेली कवळं, म्हणजे पानासकट तोडलेल्या डहाळ्यांचे भारे. त्यावर गवत, पातेरा, आणि सगळ्यावर बारीक माती. मातीमुळे आग भडकत नाही, धुमसते. पेटवायचं ते वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर, सावकाश मागं सरकत येते आणि जमीन खोलवर भाजते. तणाचं बी जळतं, राख खत होते. मग मृगाच्या पावसावर या भाजलेल्या तुकड्यात भात पेरायचं, रोप वीतभर झालं की उपटून बाकीच्या खाचरांत लावायचं. याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. वर वरकस जमिनीत नाचणी-वरी, खाली खाचरात भात, आणि दोन्हीच्या मधे हे उघडेबोडके ऐन. तुम्ही ज्याला मघापासून निसर्ग समजून बघत होता तो असा दरसाल कोयत्याखालून जातो. बांध माणसानं घातलेले, खाचरं माणसानं सपाट केलेली, झाडाचा आकारसुद्धा तो वापरून वापरून झालेला.

"पन औंदा कवळं मालकीच्या नंबरातलीच," तो म्हणतो. "वरच्या रानात गेलं की शिपाई कोयता काढून घेतो."

हे वरचं रान १८७८ च्या जंगल कायद्यातलं. सरकारला लाकूड हवंय: रेल्वेच्या रुळांखाली घालायला स्लीपर, मुंबईच्या चुलींना फाटी आणि कोळसा. जंगल खात्याच्या हिशेबी डहाळ्या तोडलेलं झाड म्हणजे पांगळं झाड. चांगलं झाड ते सरळ, भरदार, पूर्ण. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबावरून इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला गेल्याच वर्षी, १८८५ साली, चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ मध्ये येईल. तुम्ही आलात ते नेमकं मधल्या उन्हाळ्यात. साहेबापुढं जबानी कुणी द्यायची, काय बोलायचं, यावर पारावर खल चाललाय.

तुम्ही पाटीकडे बघता आणि जरा शरमता. जंगल खात्याच्या साहेबाला जसा ऐन हवा होता तसाच तुम्ही कागदावर काढून ठेवलाय. त्याच्या डोळ्याला आणि तुमच्या डोळ्याला एकाच झाडाची आवड. फरक इतकाच की तुमच्यामुळे कुणाचा कोयता गेला नाही.

हे फक्त इथंच घडत होतं असंही नाही. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ फोंतेनब्लोचं रान आहे. त्याच्या कडेच्या बार्बिझों गावात मिले, रूसो यांच्यासारखे चित्रकार राहायला गेले, उघड्यावर बसून झाडं रंगवू लागले. ओकचे जुने वृक्ष तोडू नका म्हणून त्यांनी इतका आग्रह धरला की १८६१ साली बादशाही फर्मानानं त्या रानातला हजारावर हेक्टरांचा भाग केवळ चित्रांसाठी, सौंदर्यासाठी राखून ठेवला गेला. जगातल्या पहिल्या राखीव निसर्गांपैकी तो एक. मला त्या चित्रकारांबद्दल आदर आहे, झाडं वाचली हेही बरंच झालं. पण राखीव हा शब्द ऐकला की मला माणगावच्या त्या कोयत्याची आठवण होते. त्याला इलाज नाही.

ऊन कलतं. टेकडीवरून घंटांचा आवाज येतो आणि म्हशी उतरू लागतात, काळ्या, चिखलानं माखलेल्या, पंधरा-वीस. मागं धनगर. गुराखी, संध्याकाळ, नदी! क्लोद लोरॅन इथं असता तर त्यानं आनंदानं पाटी उघडली असती. युरोपात हे गुराखीपुराण फार जुनं, ग्रीक-रोमन कवींपासूनचं: मेंढपाळ सावलीत बसून पावा वाजवतो, मेंढरं आपली आपण चरतात. आपल्याकडे गुराखी म्हटलं की कृष्ण. गौळणी, काला, शिदोऱ्या. त्यात लोणी चोरण्याला फार महत्त्व आहे, लोणी काढण्याला कमी. समोरचा धनगर मात्र लोण्याच्या हिशेबात आहे. डोक्यावर मडकं, उद्याच्या बाजाराची घाई, आणि एक म्हैस लंगडते म्हणून तोंडात सतत शिवी. पावा नाही. तुम्ही त्याला काठीला टेकून जरा उभं राहायला सांगता. तो उभा राहत नाही.

तसंही त्याला कुणी मराठी माणूस भिंतीवर लावणार नव्हता. आपल्याकडे विलायती निसर्गचित्र शिरलं ते देवांच्या पाठीमागून. आणखी आठ वर्षांनी, १८९४ साली, रविवर्मा छापखाना काढेल आणि घरोघरी लक्ष्मी-सरस्वतीच्या मागं तलाव, डोंगर, धुकं येईल. त्याआधी ते आलं नाटकातून. किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर येऊन सहाच वर्षं झालीत. नाटक कंपन्यांच्या सामानात महाल, रस्ता आणि जंगल असे पडदे असत. जंगलाच्या पडद्यापुढं दिंडी म्हणून नट आत गेला की पडदा गुंडाळायचा. गुंडाळून ठेवता येणारं जंगल ही कल्पना माणगावच्या धनगराला फार आवडली असती.

रात्री आत्या चित्र बघते. छान आहे म्हणते. सकाळी लोणच्याची बरणी भरताना तिला फडक्याखाली घालायला काहीतरी जाड हवं असतं, आणि तुम्हीच तिला तो कागद देता.

आता अंग तेच, दिवस मात्र तीन महिने पुढं सरकवा. आषाढ. शाळा बुडवून तुम्ही अजून इथंच आहात, त्याबद्दल मुंबईहून दोन पत्रं आलीत.

डोंगर दिसतच नाहीत. आकाश आणि शेत यांच्यामधे रेघ नाही. खाचरात चिखलणी झाली आहे आणि बायका ओळीनं वाकून लावणी करताहेत, पाठीवर इरलं, इरल्यावर पाऊस तडतडतोय. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताचा अंगठा चार काड्या चिखलात दाबतो, पाऊल मागं, पुन्हा चार काड्या. लांबून ती ओळ पाठमोऱ्या कासवांसारखी दिसते. जवळ गेलात की कळतं, तोंडं चालू आहेत: कुणाची सून, कुणाचा खोत, कुणाची म्हैस व्याली.

ज्या १८५७ साली मुंबईत तुमची शाळा निघाली, त्याच साली पॅरिसच्या प्रदर्शनात मिलेनं तीन वाकलेल्या बाया टांगल्या होत्या. कापणी झाल्यावर शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्या. आपल्याकडे त्याला सरवा वेचणं म्हणतात. मागं लांबवर मालकाच्या भरगच्च गंज्या, घोड्यावरचा मुकादम, आणि पुढं या तिघी, जवळजवळ सगळं चित्र व्यापून. पाहणाऱ्यांना राग आला. गरिबी असावी, पण कोपऱ्यात, मापापुरती. ती इतकी मोठी, इतकी पुढं का? मिले स्वतः शेतकऱ्याच्या घरचा. एक गोष्ट मात्र त्याच्या चित्रातून ऐकू येत नाही, ती म्हणजे बडबड. त्या तिघी गप्प आहेत. माणगावच्या बायका चित्रात तशा गप्प बसल्या नसत्या, हे नक्की.

तुम्ही एका झापाखाली बसून कागद काढता. या वेळी अडचण उलटी. रंग वाळतच नाही. हिरव्यात राखाडी उतरतं, राखाडीत पाणी, बायकांच्या पाठी शेतात विरघळतात. जिथं इंग्लंडातली ओली हवा हवी होती तिथं ती दसपट मिळाली आहे. घाई करून उपयोग नाही म्हणून तुम्ही ऐनाकडे वळता. त्याला आता सोटाच्या अंगावरूनच कोवळी पालवी फुटली आहे, प्रत्येक जखमेपाशी एक झुपका. तुम्ही तो तसाच काढता, गाठीसकट, खुणांसकट, वेडावाकडा. बाजूचं झाड मधे येतं तर येऊ देता.

गाडीवान चिखलानं भरलेल्या पायांनी येतो, वाकतो, इरल्यावरचं पाणी तुमच्या कागदाच्या कडेला पडतं.

"हां," तो म्हणतो. "ह्यो माजा." आणि मग, "बैल कुटं गेलं?"

बैल काढायचे राहिलेत. तुम्ही उद्या काढू म्हणता.

कॉन्स्टेबलचा एक धनिक मित्र होता, सर जॉर्ज बोमाँट. जुन्या उस्तादांची चित्रं वार्निशनं काळवंडून तपकिरी झाली होती, तर याला वाटे तोच खरा निसर्गाचा रंग. चित्राला जुन्या व्हायोलिनसारखी छटा हवी. कॉन्स्टेबलनं व्हायोलिन आणून हिरव्या गवतावर ठेवलं, असं त्याच्या चरित्रात आहे. तुमच्या तपकिरी झाडाची जागा कशी ठरवता, असंही बोमाँटनं एकदा विचारलं होतं, आणि असलं झाड मी काढतच नाही, असं त्याला उत्तर मिळालं होतं. तुम्ही आज काढलेला ऐन, ते शेत, ती ओळ, सगळं हिरवं आहे. चार प्रकारचं हिरवं, त्यासाठी पेटीतली पिवळ्याची अख्खी वडी गेली.

कागद ओलाच. संध्याकाळी आत्या म्हणते, असा कसा सुकेल, दे इकडे. चुलीवरच्या माळ्यावर फाटी आणि सुकट ठेवलेली असते, तिथं ती तो पालथा घालून ठेवते. मग पाऊस लागतो तो लागतोच. नदी उतारावरून चढते, गाडी येत नाही, मुंबईची टपालही येत नाही, चूल दिवसरात्र ओल्या लाकडांवर धुमसते. आठ दिवसांनी बैल काढायची आठवण होते.

माळ्यावरून कागद खाली येतो. कोरडा ठणठणीत, सुकटीच्या वासाचा. आकाश, शेत, बायका, ऐन, सगळं एकसारखं, काताच्या पाण्यात बुडवल्यासारखं तपकिरी.